सोनटक्का नुसता पानांनीच भरतो? कंद लावण्यापासून फूल खुडण्यापर्यंत, क्रमाने

श्रावण निम्मा सरला की मला ठरलेला फोटो येतो. कुंडीत छातीएवढा वाढलेला हिरवागार सोनटक्का आणि खाली प्रश्न: "तीन वर्षं झाली, एक फूल नाही. काय घालू?" बहुतेक वेळा काहीच घालायचं नसतं. चूक झालेली असते फेब्रुवारीत किंवा मे महिन्यात, ती दिसते ऑगस्टमध्ये. तेव्हा आता काही घालून उपयोग नाही, फार तर पुढच्या वर्षाची तयारी करता येते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सोनटक्क्याचा जो दांडा आपल्याला दिसतो तो बराचसा पानांच्या आवरणांनी गुंडाळून झालेला असतो, केळीसारखा. मुख्य खोड जमिनीत आडवं पसरतं, आल्यासारखं. त्यालाच आपण कंद किंवा गड्डा म्हणतो. दांडा शेंड्याला फुलतो आणि आयुष्यात एकदाच फुलतो. फुलून झालेल्या दांड्याला कितीही खत घाला, त्याचं काम संपलेलं असतं. म्हणजे गौरी-गणपतीच्या सुमारास जितके तुरे हवेत, तितके जोमदार, न फुललेले दांडे आषाढाअखेर उभे पाहिजेत. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## १. झाड सोनटक्काच आहे ना, ते बघा

हसू नका. नर्सरीत 'सोनटक्का' म्हणून कर्दळ दिल्याचं मी दोनदा पाहिलंय, आणि एकदा पट्टेरी पानांची शोभेची अल्पिनिया. ती घेतलेल्या माझ्या मैत्रिणीने दोन वर्षं अल्पिनियाला सोनटक्क्याची फुलं येण्याची वाट पाहिली.

फुलं नसताना ओळख अशी. पानं दांड्याच्या दोन बाजूंना एकाआड एक, कंगव्यासारखी एकाच पातळीत लागतात. पान लांब, भाल्याच्या पात्यासारखं, टोकाला निमुळतं. त्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं तर मऊ लव लागते. कर्दळीचं पान रुंद, केळीच्या पानाची आठवण करून देणारं असतं. शेवटची खूण कंदाची: कोपरा नखाने खरवडून हुंगा. आल्याच्या कुळाचा तो ओळखीचा वास आला पाहिजे. कर्दळीच्या कंदाला तो नसतो.

पाटीवर 'हेडिकियम कोरोनेरियम' असेल तर तो आपला पांढरा सोनटक्का. अमरकंटककडे गुलबकावली म्हणतात तीही हीच. पिवळ्या फुलांचा सोनटक्का मिळतो, त्याची निगा जवळपास अशीच.

## २. जागा: कुंडी घ्यायच्या आधी खुर्ची ठेवा

फुलं न येण्याचं पहिलं कारण सावली. "आल्याच्या जातीचं आहे, सावलीत चालतं" हे अर्धसत्य सगळीकडे फिरतं. सावलीत तो जगतो, वाढतोही, पण दांडे लांबुडके आणि पानांचे होतात. तुरा धरायला त्याला रोज चार-पाच तास ऊन लागतं, आणि ते सकाळचं असेल तर उत्तम.

जिथे कुंडी ठेवायची तिथे आधी एक रिकामी खुर्ची ठेवा. सकाळी ८, दुपारी १२ आणि ३ वाजता तिच्यावर ऊन आहे की सावली, ते दोन-तीन दिवस टिपून ठेवा. ८ वाजता ऊन, १२ च्या आसपास तिरीप, ३ वाजता सावली: हीच जागा. ८ वाजता सावली आणि ३ वाजता रणरणतं ऊन, म्हणजे पश्चिमेची बाल्कनी. तिथे पानांची टोकं भाजून तपकिरी होतात. विदर्भ-मराठवाड्यात तर मे महिन्यात अख्खी पानं करपतात.

उत्तरेची बाल्कनी असलेल्यांनी लगेच निराश होऊ नये. पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात साधारण मे मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उगवतो-मावळतोही बराच उत्तरेकडे सरकून. त्यामुळे जी बाल्कनी जानेवारीत अंधारी असते तिला नेमकं दांडे वाढण्याच्या काळात ऊन मिळतं. म्हणून खुर्चीची परीक्षा मे महिन्यात घ्या. थंडीतला निकाल धरू नका.

पश्चिमेखेरीज जागाच नसेल तर मार्च ते पहिला पाऊस ५० टक्क्यांची हिरवी नेट बांधा.

सावधान: पहिला पाऊस पडला की नेट त्याच आठवड्यात उतरवा. उन्हाळ्यात बांधलेली नेट दसऱ्यापर्यंत तशीच राहते, वर आषाढाचं ढगाळ आभाळ. मग झाडाला ऊन मिळणार कुठून? माझ्या पाहण्यातली निम्मी 'न फुलणारी' झाडं या नेटखालची आहेत.

वरच्या मजल्यांवर वाऱ्याचाही विचार करा. कमरेपासून डोक्यापर्यंत उंच दांडे, शेंड्याला पावसाने भिजून जड झालेले तुरे: ते वाऱ्याने मुळापासून मोडतात. भिंतीचा आडोसा असलेला कोपरा निवडा.

## ३. भांडं: खोल नको, पसरट हवं

गुलाबासाठी घेतो तसली उंच, निमुळती कुंडी इथे वाया जाते. कंद खाली जात नाही, बाजूला सरकतो. दर हंगामात तो पुढे नवा पेर टाकतो आणि त्या पेरावर नवा दांडा येतो. कुंडीची भिंत लागली की पुढे जायला वाट नाही, मग दांडे बारीक होत जातात.

किमान मोजमाप: तोंड १८ इंच, खोली १२ ते १४ इंच. दोनशे लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम आडवा मधोमध कापून मिळणारे दोन हौद सर्वांत चांगले. २४ इंच रुंद, १२ इंच उंचीची ग्रोबॅगही चालते, मात्र गच्चीवर उन्हात ती दोन-तीन वर्षांत विरते आणि भरलेली बॅग उचलताना फाटते. तळाला अंगठ्याएवढी पाच-सहा भोकं हवीत. भोकांवर खापऱ्या ठेवा.

माझा पहिला सोनटक्का १० इंची कुंडीत होता. दोन वर्षं चार दांडे, शून्य फुलं. तिसऱ्या वर्षी कंदाने कुंडीच फोडली. तेव्हा कळलं.

जमिनीत लावणार असाल तर कोकणातल्या तांबड्या मातीत फारसं काही करावं लागत नाही. देशावरच्या काळ्या मातीत मात्र पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. तिथे जमिनीपासून सहा-आठ इंच उंच वाफा करून त्यात तयार माती भरा, आणि कडेला विटा लावा.

## ४. माती: लावणीच्या आठवडाभर आधी भरून ठेवा

ड्रमच्या एका हौदासाठी प्रमाण घमेल्याने सांगतो: चार घमेली बागेची माती, तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, दोन घमेली भिजवून पिळलेलं कोकोपीट, एक घमेलं जाड वाळू. वर दोन मुठी निंबोळी पेंड. हे सगळं गोणपाटावर पसरून हाताने कालवा.

तपासा: कालवलेली माती ओलसर करून मूठ घट्ट आवळा आणि उघडा. गोळा झाला पाहिजे, आणि बोटाने टोचल्यावर विस्कटला पाहिजे. टोचूनही गोळा तसाच राहिला तर वाळू आणि कंपोस्ट वाढवा. गोळा होतच नसेल तर माती वाढवा.

शेणखत कुजलेलं आहे का, हे हात घालून बघा. ढिगाच्या आत गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या खतात ठेवलेला कंद पहिल्या पावसात सडतो, आणि मग दोष कंदाला दिला जातो.

भांडं भरून एकदा भरपूर पाणी घाला आणि आठवडाभर तसंच सोडा. माती दोन-तीन इंच बसते. बसल्यावर पुन्हा भरा, काठापासून दोन इंच खाली. आठवडा न थांबता लगेच लावायची घाई जे करतात त्यांचा कंद पुढे मातीबरोबर खाली जातो.

## ५. कंद निवडणं आणि कापणं

वेळ कोणती? हळद-आलं लावायला आपल्याकडे अक्षय तृतीयेपासून सुरुवात करतात. सोनटक्का त्यांचाच भाऊबंद, त्याला तोच मुहूर्त सोयीचा. एप्रिलअखेर ते मृगाचा पाऊस, एवढा काळ धरा. भर पावसात, जुलैमध्ये लावलेला कंद लागतो, पण त्या वर्षी फुलाची आशा नको.

शेजाऱ्यांकडून घेणार असाल तर गड्ड्याच्या कडेचा भाग मागा, मधला नको. मधला जुना असतो: तपकिरी, पोचट, वर वाळलेल्या दांड्यांचे गोल वण. कडेचा भाग फिकट, टणक, आणि त्यावर गुलाबीसर-पांढरे टोकदार डोळे असतात.

तुकडा वीतभर नको, पण बोटभरही नको. १० ते १२ सेंटिमीटर, किमान दोन-तीन डोळे. सुरी स्पिरिटने पुसून घ्या, एका झटक्यात कापा. कापलेली बाजू पांढरट आणि स्वच्छ दिसली पाहिजे. तपकिरी ठिपके किंवा पाणीदार भाग दिसला तर स्वच्छ गर लागेपर्यंत चकती चकती कापत जा. लागलाच नाही तर तो तुकडा फेकून द्या.

आता सगळ्यांत जास्त वगळली जाणारी पायरी. कापलेले तुकडे सावलीत, वर्तमानपत्रावर, दोन दिवस सुकू द्या. कापलेल्या जागेवर कोरडी पापडी धरली पाहिजे. त्यावर चुलीची राख किंवा ट्रायकोडर्माची (सडवणाऱ्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर चोळा. ओली जखम तशीच मातीत गेली की बुरशीला दार उघडं मिळतं.

सावधान: कंद पॉलिथिनच्या पिशवीत बांधून ठेवू नका. गावाहून आणताना तर मुळीच नाही. मे महिन्यात एस.टी.च्या एका प्रवासात माझे सहा तुकडे पिशवीत उकडून निघाले होते. ओलसर गोणपाट किंवा कागद वापरा.

## ६. लावणी

खड्डा खोल खणायचा मोह आवरा. कंदाच्या वर तीन ते पाच सेंटिमीटर माती, बस. म्हणजे दोन-तीन बोटं. खोल गेलेला कंद एक तर सडतो, नाही तर सगळी ताकद वर येण्यात घालवतो. जुन्या, जोमदार गड्ड्याकडे बघा: त्याची पाठ बऱ्याचदा मातीच्या वर उघडी दिसते. त्याला तसंच आवडतं.

तुकडा आडवा ठेवा, डोळे वर. कापलेलं टोक भांड्याच्या भिंतीकडे, वाढतं टोक मधल्या मोकळ्या जागेकडे. एवढ्या एका गोष्टीने भांडं वर्षभर जास्त पुरतं. ड्रमच्या हौदात दोन तुकडे, १८ इंची कुंडीत एकच. जमिनीत दोन तुकड्यांत दीड ते दोन फूट अंतर.

माती हलक्या हाताने दाबा, एकदा पाणी द्या, वर दोन इंच सुका पालापाचोळा पसरा. मग थांबा. कोंब दिसायला तीन ते पाच आठवडे लागतात. या काळात वरची इंचभर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. पानं नसलेला कंद पाणी पीत नाही, त्यात नुसता बुडून बसतो.

सावधान: "आला का कोंब?" म्हणून उकरून बघू नका. कोवळा कोंब काकडीसारखा कटकन मोडतो. शंका असेल तर पालापाचोळा बाजूला करून मातीला बोटाने हलकं चाचपा, टोक लागतं.

## ७. पाणी: वर्षाचे तीन हिशेब

आमच्या मावशीकडे, राजापूरच्या बाजूला, सोनटक्का न्हाणीच्या पाण्यावर होता, केळी आणि अळवाच्या रांगेत. त्याला कुणी कधी मुद्दाम पाणी घातलं नाही आणि तो कधी सुकला नाही. रोज वाहतं पाणी आणि खाली झिरपणारी माती, हे त्याचं खरं घर. आपल्याला कुंडीत त्याचीच नक्कल करायची असते.

कोंब फुटल्यापासून पाऊस लागेपर्यंत: रोज सकाळी, भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत. मे महिन्यात हौदाला संध्याकाळीही एकदा. या दिवसांत झाड एकदा कडकडीत सुकलं तर दांडा तिथेच खुंटतो. दुपारी पानांची गुंडाळी झाली आणि संध्याकाळी ती उलगडली नाही, तर ती धोक्याची घंटा.

पावसाळा आणि फुलांचा काळ: पाऊस असेल तर काही नको. पण भाद्रपदात आठ-दहा दिवस उघडीप पडते आणि तेव्हा सगळे "पावसाळाच आहे" म्हणून विसरतात. नेमके तुरे वर येत असतात. कोरडं पडलं की कळ्या आतल्या आत तपकिरी होतात. ऑक्टोबरच्या उन्हात भांड्याखाली पाण्याची थाळी ठेवली तरी चालते. वाढीच्या दिवसांत याला पाय ओले ठेवलेले सोसतात.

थंडी: थाळी काढा. आठवड्यातून एक-दोनदा, माती बघून. पुणे-नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा चिखलात उभा कंद सडतो.

बोअरच्या जड पाण्याने एक वेगळा त्रास होतो. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता. शेणखताने भागत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. जमेल तेव्हा पावसाचं पाणी साठवून घाला.

## ८. खत: आषाढात हात आखडा

पानं भरपूर आणि फूल नाही, याचं सावलीच्या खालोखाल कारण म्हणजे लाड. झाड छान हिरवं दिसतंय म्हणून दर पंधरा दिवसांनी शेणाची स्लरी, अधूनमधून युरिया. या दोन्हींतून नत्र (नायट्रोजन) मिळतं, आणि ते मिळत राहिलं की झाड पानं करत राहतं.

कोंब वीतभर झाला की पहिली दोन मुठी गांडूळखत, दर महिन्याला एकदा. जूनअखेर शेवटची स्लरी. जुलै लागला की नत्र बंद आणि पालाश (पोटॅश) सुरू: सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ०:०:५०, लिटरला २ ग्रॅम विरघळवून एका हौदाला दोन-तीन लिटर द्रावण, दर पंधरवड्याला, तीन वेळा. पाऊस धो-धो चालू असेल तेव्हा घालू नका, सगळं भोकातून गटारात जातं. उघडिपीचा दिवस गाठा. घरी लाकडाची राख असेल तर तीही चालते, मात्र जड पाणी असलेल्यांनी राख टाळावी, माती आणखी अल्कधर्मी होते. केळीच्या सालांच्या पाण्याबद्दल विचारू नका. त्याने वाईट काही होत नाही, चिलटं मात्र होतात.

## ९. आषाढी एकादशीची हजेरी

वर्षातून एकदा झाडापुढे शांतपणे पाच मिनिटं बसायचं, ते या सुमारास. दांडे मोजा. अंगठ्याएवढे जाड, निदान तीन-चार फूट उंच आणि आठ-दहा पानं असलेले दांडे किती? तेवढ्या तुऱ्यांची आशा ठेवा, जास्त नाही. पेन्सिलीएवढे बारीक दांडे यंदा फुलणार नाहीत. पण त्यांना उपटू नका, ते कंद पोसतात.

सगळेच बारीक असतील तर भांड्यात गर्दी झाली आहे (पायरी १२). सगळे उंच, पण एका बाजूला कललेले असतील तर ऊन कमी पडतंय. भांडं आजच सरकवा, अजून वेळ आहे. जाड आहेत पण बुटके, तर उन्हाळ्यात पाणी कमी पडलं होतं.

याच वेळी कीडही दिसते. पान लांबीत गुंडाळून आत बसलेली हिरवी अळी ही हळदीवर येते तीच. एका फुलपाखराची असते. एक-दोन गुंडाळ्या असतील तर सोडून द्या, जास्त झाल्या तर हाताने काढा. खरी शत्रू खोडकिडीची अळी. मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेल्या पानांची गुंडाळी, पिवळा पडून वाळतो आणि दांड्याला बारीक भोक, भोकापाशी भुसा दिसतो. तो दांडा जमिनीलगत कापून फाडा, आतली अळी मारा, दांडा कंपोस्टमध्ये टाकू नका. औषध फवारून आतली अळी मरत नाही. उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूला रोज पाण्याचा फवारा मारला की आठवड्यात आटोक्यात येतो.

उंच दांड्यांना आताच आधार द्या. भांड्याच्या कडेला तीन बांबू, त्यांना दोन उंचींवर सुतळीची कडी. दांडा बांबूला आवळून बांधू नका, वाऱ्यात तो गाठीपाशीच मोडतो.

## १०. तुरा आला, आता त्याला जगू द्या

दांड्याच्या शेंड्याला आधी हिरव्या खवल्यांचं घट्ट कणीस दिसतं. अनेकांना वाटतं ही कळी आणि ती एक दिवस उमलेल. तसं नाही. प्रत्येक खवल्याच्या आत दोन ते सहा कळ्या दडलेल्या असतात आणि त्या एकामागून एक बाहेर येतात. एका कणसातून दोन-तीन आठवडे फुलं निघत राहतात.

सावधान: पहिल्या दिवसाची चार फुलं कोमेजून लोंबायला लागली की "झालं याचं" म्हणून अख्खं कणीस मोडलं जातं. वीस-तीस फुलं हातची घालवायची ही हुकमी रीत. फक्त कोमेजलेलं फूल चिमटीत धरून सरळ ओढा, ते नळीसकट निघून येतं. कोमेजलेली फुलं मात्र पावसात कणसावर चिकटू देऊ नका, नाही तर खालच्या कळ्यांना बुरशी लागते.

खुडायची वेळ संध्याकाळी चार-साडेचार. तेव्हा उद्याच्या नाही, आजच्या कळ्या ओळखता येतात: लांब, टोकदार, पूर्ण पांढऱ्या, आणि टोकाशी पीळ किंचित सैल झालेला. हिरवट झाक असलेली कळी उद्याची, तिला हात लावू नका. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी डाग उमटतो, म्हणून कळी नेहमी खालच्या लांब नळीला धरून खवल्यातून वर ओढायची. ओल्या फडक्यात किंवा अळवाच्या पानात गुंडाळून ठेवा, दिवेलागणीपर्यंत उमलतात. वेणीत माळायच्या असतील तर दोरा नळीला गुंफा. पूर्ण उमललेलं फूल गजऱ्यात टिकत नाही, आणि काल संध्याकाळी उमललेलं आज दुपारी पिवळट होऊन मान टाकतं. त्यात तुमची काही चूक नाही.

फुलदाणीसाठी दांडा कापायचा झाला तर खाली तीन-चार पानं झाडावर राहू द्या.

## ११. छाटणी: कोणता दांडा, कधी

इथली चूक सगळ्यांत महाग. आमच्या सोसायटीच्या माळ्याने एका मार्चमध्ये "साफसफाई" म्हणून सगळा सोनटक्का जमिनीलगत कापला. त्याच्या दृष्टीने बाग स्वच्छ झाली. त्यात फेब्रुवारीत फुटलेले गुडघ्याएवढे नवे दांडेही गेले, म्हणजे त्या वर्षीची बरीचशी फुलं.

नियम सोपा आहे. शेंड्याला वाळलेलं कणीस आहे का? असेल तर तो फुलून झालेला दांडा. त्याची निम्म्याहून जास्त पानं पिवळी पडली की जमिनीपासून दोन बोटं वर कापा. हिरवा असेपर्यंत ठेवा, तो कंदात अन्न साठवतोय. शेंड्याला कणीस नाही, फक्त पानं: हात लावू नका, मग महिना कोणताही असो. न फुललेला दांडा पूर्ण पिवळा पडला तरच काढा.

डिसेंबरात, फुलं संपताना, फुललेल्या दांड्यांना सुतळीचा तुकडा बांधून ठेवला तर मार्चमध्ये कुणीही कापलं तरी चूक होत नाही. मी आता तेच करतो.

दांडा हाताने ओढून काढू नका. कंदाचा कोवळा डोळा बरोबर उपटून येतो.

## १२. दर तीन वर्षांनी विभागणी

भांड्याचा मधला भाग रिकामा आणि दांडे भिंतीला चिकटून उभे, पाणी घातलं की वरच साचून राहतं, प्लॅस्टिकच्या भिंतीला फुगवटा: यातलं काहीही दिसलं की मार्चअखेर ते एप्रिलमध्ये गड्डा बाहेर काढा. ऑगस्टमध्ये नाही, कितीही वाईट अवस्था असली तरी.

आदल्या दिवशी पाणी द्या. भांडं आडवं करून गोल फिरवत थोपटा, गड्डा सरकतो. माती झटका, पाण्याच्या धारेने धुवा, मगच कुठे कापायचं ते दिसतं. मधला पोचट भाग टाकून द्या, कडेचे टणक, डोळेदार तुकडे ठेवा आणि पायरी ५ पासून पुन्हा सुरू करा. माती नवी, निदान निम्मी तरी. पहिल्या हंगामात फुलं कमी येतील, दुसऱ्यात वसूल होतं.

अमेरिका-युरोपात जिथे थंडीत माती गोठते तिथल्यांनी हीच उचल दर वर्षी हिमतुषार पडायच्या आत करायची. दांडे कापून कंद किंचित ओलसर भुशात, न गोठणाऱ्या खोलीत ठेवायचे आणि वसंतात कुंडीत लावून आधी घरात फुटू द्यायचे.

उरलेले कंद ओढ्याकाठी, नाल्यात किंवा तळ्याच्या कडेला टाकू नका. पाण्याकाठी हे झाड बेफाम पसरतं. ब्राझील, हवाई आणि दक्षिण आफ्रिकेत त्याने ओलसर जागा व्यापून स्थानिक झाडं हुसकली आहेत. पोचट भाग उन्हात पार वाळवा आणि मगच कचऱ्यात टाका. चांगले तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून शेजारी द्या, आणि देताना तोंडी सांगा: दोन बोटं माती, सकाळचं ऊन, आणि कणीस नसलेला दांडा कापायचा नाही.